तो माझ्याकडे बघत होता

आमची शाळा मीरा रोडला, स्टेशनापासून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. शाळा म्हटल्यावर पटांगण, पितळी घंटा आणि पिंपळाचा पार असे काही वाचकांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले असेल, तर ते आधीच पुसून टाकावे. एका चार मजली इमारतीचा तळमजला आणि पहिला मजला, एवढीच आमची शाळा. खिडकीतून पाहिले की समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसतात. इथे मी चित्रकला आणि हस्तकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे मी गेलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यांवर ही नोकरी मिळाली. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शहाणपणाचा कसलाही परवाना माझ्याजवळ नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. कारण सणासुदीच्या दिवसांत, फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांपुढे मी एक कडवट प्रश्न मांडणार आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सहावीच्या वर्गावर चित्रकलेचा तास होता. तास चालू असताना शिपाई एक कागद घेऊन आला होता. त्या कागदाविषयी पुढे सांगेन. घंटा झाली, मी फळा पुसू लागलो, आणि पाठीमागे धपकन आवाज झाला. वळून पाहतो तो पहिल्या बाकावरचा मुलगा जमिनीवर पडलेला आणि शेवटच्या बाकावरचा त्याच्या छातीवर बसलेला. रंगांची पेटी पालथी झाली होती. हे काही पहिल्यांदा घडत नव्हते. आठवड्यामागून आठवडे याने त्याचा डबा पळवला होता, वहीची पाने टरकावली होती, जिन्यात पायात पाय घातला होता. दोघांची नावे मी सांगणार नाही. त्यांच्या बाकांवरूनच त्यांना ओळखू.

दोघांना सोडवले आणि शेवटच्या बाकावरच्याला विचारले, "का मारलंस त्याला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तो माझ्याकडे बघत होता."

वर्गात खसखस पिकली. मलाही राग आला. बघणे हा काय गुन्हा झाला? पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रात्री जेवताना, लिहायला बसलो असताना, लोकलच्या गर्दीत, ते कानाशी येई आणि मला वाटे, हे मी पूर्वी कुठेतरी ऐकले आहे. कुठे, ते आठवायला मला बरेच दिवस लागले.

त्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. हमरस्त्याच्या पलीकडे चाळवजा खोल्यांची एक ओळ आहे, तिच्या टोकाला त्यांची खोली. आई जमिनीवर बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवीत होती. ते काम डझनाच्या हिशेबाने मिळते आणि पैसे इतके थोडे की, आकडा सांगताना तीच ओशाळली. वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करतात. संध्याकाळी घरी येणाऱ्या त्या माणसाच्या तोंडावर काळी पूड बसलेली असते आणि डोळे तेवढे माणसाचे दिसतात. गाळ्यात काम कधी असे, कधी नसे. मुलाच्या दंडावर एक जुना वळ मी शाळेतच पाहिला होता. त्याविषयी विचारले, तेव्हा बाईंनी खड्यांवरची नजर न उचलता सांगितले, "मारतात. मलाही मारतात. पण सर, माणूस वाईट नाही. काम असलं की बरे असतात."

मी म्हटले, "पालिकेची शाळा सोडून आमच्या फीच्या शाळेत का घातलंत?"

"इंग्रजी येईल म्हणून," ती म्हणाली. "त्याला तरी भांड्यांवर बसावं लागू नये."

इतक्यात वडील आले. त्यांनी विचारले, "काही केलंय का यानं?" मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. आणि मी खोटे बोललो. "नाही, सहज आलो होतो, चित्रं चांगली काढतो तुमचा मुलगा," असे म्हणून उठलो. ते खोटे बोलणे बरोबर की चूक, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. खरे सांगितले असते तर त्या रात्री त्याच्या पाठीवर पट्टा बसला असता, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे व्याज पहिल्या बाकावरच्याने भरले असते. आम्ही शिक्षक ज्याला 'पालकांच्या कानावर घालणे' म्हणतो, त्यात पुष्कळ वेळा केवळ माराचा प्रवास लांबवणे एवढेच असते.

परतताना माझ्या मनात एक सोपा सिद्धान्त तयार झाला होता. गरिबी आहे, बाप मारतो, म्हणून पोरगा मारतो. कादंबरीकाराला असे सिद्धान्त फार प्रिय. एका प्रकरणात कारण, पुढच्यात परिणाम. पण दोन दिवसांनी पहिल्या बाकावरच्याची आई शाळेत आली आणि तिने माझी कादंबरी फाडून टाकली.

ही बाई चार घरी पोळ्या लाटते. नवरा भाड्याची रिक्षा चालवायचा. आता मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. राहतात त्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. मी तिला समजावणीच्या सुरात म्हटले, "त्या मुलाच्या घरची परिस्थिती फार बिकट आहे हो."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "सर, मग आमच्या घरी काय सोन्याचा धूर निघतो? माझ्या पोरानं कुणाला हात लावलाय का? त्याच्या घरच्या दुःखाचा मार माझ्या पोरानं का खायचा?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या बाईंना देण्याच्या उत्तराचीच खटपट आहे.

तिच्या बोलण्यातला पहिला भाग तर निर्विवाद खरा होता. गरिबीच जर मुलाला दांडगा करीत असेल, तर आमच्या वस्तीतली झाडून सारी मुले दांडगी व्हायला हवीत. ती तशी नाहीत. आणि हा केवळ माझा अनुभव नव्हे. शाळेतल्या छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्याने प्रथम हाती घेतला, तो डॅन ओल्वेउस नावाचा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात त्याने स्वीडनमधल्या शाळा पाहिल्या. पुढे नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी आपला जीव दिला. त्यामागे सोबत्यांनी केलेला छळ असावा असे दिसल्यावर १९८३ साली त्या सरकारने देशभर मोहीम काढली, तिच्यातही तोच होता. छळ करणारी मुले गरीब घरांतच जास्त असतात, असे त्याला आढळले नाही. ती सगळ्या थरांत सापडली. कोणी म्हणेल, तिकडे गरिबी ती किती! पण २०१४ साली टिपेट आणि वोल्के या दोन संशोधकांनी निरनिराळ्या ठिकाणचे २८ अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हाही साधारण तेच निघाले. छळणाऱ्या मुलाचा गरिबीशी संबंध अगदी पुसट. ज्याचा छळ होतो, त्याचा गरिबीशी संबंध अधिक स्पष्ट. म्हणजे गरिबी मुलाला मारकुटे करते त्यापेक्षा मार खाणारा जास्त करते. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना हे अभ्यास माहीत नव्हते. त्यांच्या घरातच तो अभ्यास चालू होता.

मग गरिबाच्या पोरांनाच दांडगट म्हणायची रीत का पडली? मला वाटते, गरीब मुलाची दांडगाई हाताने चालते, म्हणून ती दिसते. तिचा आवाज होतो, वळ उठतो, रंगांची पेटी पालथी होते. सुखवस्तू घरातल्या मुलाची दांडगाई पुष्कळदा जिभेने चालते. कोणाचे बूट कुठल्या दुकानातले, कोणाला वाढदिवसाला बोलवायचे नाही, फोनवरच्या मित्रमंडळातून कोणाला वगळायचे, याचे वळ कुठे उठतात? ती मुले मुख्याध्यापकांच्या खोलीत जातात ती बक्षीस घ्यायला. पकडले जाणे हे गरीब मुलाच्या वाट्याला अधिक येते, आणि जो पकडला जातो त्यालाच आपण रोग समजतो.

पण मग घराचे काय? घराला अगदी निर्दोष सोडता येत नाही. ओल्वेउसनेच सांगितले आहे की, ज्या घरात लहानपणी माया कमी, धरबंध नाही, आणि शिक्षा म्हणजे मारहाण व आरडाओरड, तिथली मुले दुसऱ्यावर हात टाकायला लवकर शिकतात. आपल्याकडे या बाबतीत काही मोठी सोवळी परिस्थिती नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन मुलांमागे दोघांना मारहाण सोसावी लागली होती, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे त्यांचे स्वतःचे आईबाप होते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. या सगळ्याच काही झोपडीत राहत नाहीत. मार हा दारिद्र्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पडतो. मात्र एका खोलीच्या घरात तो मुलाला बघावाच लागतो, दार लावून घ्यायला दुसरी खोली नसते.

बघावा लागतो! इथवर विचार आला आणि ते जुने वाक्य मी कुठे ऐकले होते, हे मला एकदम आठवले. ते मीच बोललो होतो.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात माणसे बाहेर पडली. मी तेव्हा जेमतेम वर्षाचा होतो. संप पुढे विरत गेला, वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. काही वर्षांनी लालबागची खोलीही गेली आणि आम्ही मीरा रोडला आलो. आज मीरा-भाईंदर ही महानगरपालिका आहे. २०११ च्या जनगणनेतच इथे आठ लाखांवर वस्ती मोजली गेली. पण त्या काळी मीरा रोड म्हणजे मिठागरे, खाजण आणि मध्येच उगवलेल्या, रंग न दिलेल्या इमारती. अशाच एका इमारतीवर वडील वॉचमन झाले. चार साचे एकट्याने सांभाळणारा माणूस लोखंडी स्टुलावर बसून स्कूटरी मोजू लागला.

त्या इमारतीत माझ्या वर्गातला एक मुलगा राहत असे. एका रविवारी मी वडिलांचा डबा घेऊन गेलो होतो. त्या मुलाचे वडील जिन्यावरून उतरले आणि पाण्याचा पंप वेळेवर चालू केला नाही, म्हणून त्यांनी माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत झापले. शिव्या दिल्या नाहीत. फक्त "ए वॉचमन" म्हणाले आणि बोट नाचवले. वडील उभे राहिले, "चुकलं साहेब" म्हणाले. तो मुलगा मागे उभा होता. तो हसला नाही, बोलला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, इतकेच.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्याला बुकलला. त्याची निळी, पट्ट्याची, झाकणाचा पेला होणारी पाण्याची बाटली होती; तिच्यावर उभा राहून ती चेचून टाकली. बाईंनी विचारले, का? मी म्हटले, "तो माझ्याकडे बघत होता."

त्या मुलाने माझे काहीही वाईट केले नव्हते. त्याचा गुन्हा एकच, माझ्या बापाची मान खाली गेली तेव्हा तो तिथे होता. लाज ही अशी चमत्कारिक वस्तू आहे की, ती ज्याने दिली त्याला आपण परत करीत नाही. त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. ती ज्याने पाहिली, त्याच्यावर आपण तुटून पडतो. जणू बघणारा नाहीसा झाला की घडलेलेही नाहीसे होईल. भूक मुलाला दुबळे करते. हात उचलायला लावते ती लाज. गरिबीने आमचे पोट रिकामे ठेवले तेव्हा मी कोणाला मारले नव्हते. गरिबीचा पंचनामा लोकांदेखत झाला, तेव्हा मारले.

हे खरे की नाही, हे पाहायला आपल्या महाराष्ट्रातच एक मोठे उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले; १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. तिथली मुले गरिबातली गरीब. निरनिराळ्या जातींची ती पोरे एकत्र राबत, एकत्र रांधत, एका पंगतीला जेवत. कोठारातले धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या पोरांची आपसात कधी मारामारी झालीच नसेल, असा भाबडा दावा मी करणार नाही. मुले ती मुले. पण तिथे गरिबी ही कोणा एकाची लाज नव्हती, साऱ्यांचा सारखा शिधा होता. खोरे हातात घेतल्याने कोणी हलका होत नव्हता, कारण सगळ्यांच्याच हातात खोरे होते.

आणि त्याच साताऱ्यात, त्याआधी वीसपंचवीस वर्षे, एक मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळा बसत होता. तहान लागली तर शिपायाने वरून ओतले तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातलेला तो भीमराव आंबेडकर. तिथे दांडगाई करणारे कोणी वर्गातले द्वाड पोर नव्हते. अवघी शाळाच होती, आणि शाळेमागे समाज होता. अपमानाने मूल बिघडते हा नियम अटळ असता, तर या मुलाने केवढा सूड उगवायला हवा होता! त्याने तो अपमान आपल्याहून दुबळ्यावर उतरवला नाही. २० मार्च १९२७ ला तो महाडच्या तळ्यावर उभा राहिला आणि पाणी प्यायला. ज्या पाण्यावाचून तो एकटा तहानलेला राहिला होता, ते त्याने सर्वांसाठी मागितले. अपमान खाली ढकलता येतो, तसा वर परतही करता येतो.

म्हणूनच पोळ्या लाटणाऱ्या बाईंच्या प्रश्नाला "काय करणार, परिस्थितीच तशी" हे उत्तर होऊ शकत नाही. ते म्हणणे म्हणजे त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचाही अपमान आहे. त्याला आपण माणूस न मानता घरंगळणारा दगड मानतो. त्याने हात उचलला, तो त्याचा होता. पण दुसऱ्या बाजूने, अकरा वर्षांच्या पोराकडे आपण महाडचे तळे मागू शकत नाही. तेवढे बळ येण्यासाठी त्याच्यामागे कोणीतरी मोठे माणूस उभे राहावे लागते.

माझ्यामागे आमच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी मला मारले नाही आणि सोडूनही दिले नाही. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझे बाबा काय काम करतात ते मला ठाऊक आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बाटली त्याची होती." शाळा सुटल्यावर मी रोज थांबून शाळेसाठी नकाशे आणि तक्ते काढायचे आणि बाई मला एका तक्त्याचे दोन रुपये देणार, असे ठरले. पंधरा दिवसांनी मी नवी बाटली घेऊन त्या मुलाच्या हातात दिली. चित्रकला माझ्या हाताला लागली ती तिथून. ही गोष्ट मी पुष्कळदा अभिमानाने सांगत आलो आहे. परवा प्रथमच तिचे दुसरे टोक मला आठवले. त्या मुलाने ती नवी बाटली शाळेत कधीच आणली नाही. वर्षअखेरपर्यंत तो नळाला तोंड लावून पाणी पीत राहिला, आणि मी आसपास असलो की पीतही नसे. मला शिक्षा मिळाली, माफी मिळाली, कला मिळाली. त्याला काय मिळाले, हे ना बाईंनी विचारले, ना मी.

आता तो कागद. त्या दिवशी शिपायाने आणलेला कागद म्हणजे फी थकलेल्या मुलांची यादी होती. ती यादी मी वाचली. नाव घेतले की मुलाने उभे राहायचे, ही आमच्याकडची पद्धत. वर्षानुवर्षे चालत आलेली, म्हणून मलाही तिच्यात काही वावगे दिसत नव्हते. चार नावे होती. शेवटच्या बाकावरचा उभा राहिला आणि साऱ्या वर्गाने माना वळवल्या. पहिल्या बाकावरच्याला तर पूर्ण मागे वळावे लागले. दहा मिनिटांनी घंटा झाली. पुढचे आपल्याला माहीत आहे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारायला बंदी केली आहे, तशी मानसिक छळालाही. छडी आम्ही टाकून दिली आणि स्वतःला सुधारलेले समजलो. यादी वाचणे हाही छळच आहे, असे माझ्या मनाला शिवलेदेखील नव्हते. त्याच कायद्याने खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी ठेवल्या. २०२४ साली आपल्या राज्यात त्या तरतुदीतून बऱ्याच शाळांना मोकळीक देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरवला. हे ठीकच झाले. कायदा दोन मुलांना एका बाकावर बसवू शकतो. पण त्या बाकावर कोणाचे नाव कशा आवाजात घ्यायचे, हे शिक्षकाच्या तोंडी असते.

बापाने गाळ्यात बोलणी खाल्ली, ती घरी आणली. घरातली पोराने शाळेत आणली. मध्ये एक कडी माझी होती. बापाला मी दारुण परिस्थितीचा बळी म्हणायला तयार होतो, पोरालाही. स्वतःला मात्र मी त्या गोष्टीचा लेखक समजत होतो. मी तिच्यातले एक पात्र होतो.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. ते मी त्यांना पुन्हा भेटून दिले, जमेल तसे. मी म्हटले, "तुमच्या मुलानं तो मार खायचा नाही. त्या मुलाला समजून घेणं हे माझं काम आहे, त्याची किंमत तुमच्या मुलानं भरायची नाही." समजून घेणे आणि सहन करायला लावणे या दोन गोष्टी आपण नेहमी एकात कालवतो. ज्याला मार बसतो त्याच्या अंगावरचा हात आधी दूर करायचा. कारणांचा शोध मग. डॉक्टर रक्त थांबवतो आणि मग जखम कशाने झाली ते विचारतो. मी विचारले, "त्याला माफी मागायला लावू का?" त्या म्हणाल्या, "माफी नको. वर्गासमोर तर नकोच. उद्या तेवढ्यासाठी पुन्हा मारील. हात लागता कामा नये, एवढं बघा." पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईंना लाजेचे गणित माझ्यापेक्षा आधी कळले होते.

तेव्हा जे केले ते थोडे आहे. मधल्या सुट्टीत जिन्यात आता कोणीतरी शिक्षक उभा असतो. बहुतेक वेळा मीच. फीची यादी वर्गात वाचायची नाही, पाकिटातून घरी पाठवायची, हे मुख्याध्यापकांनी नाखुशीने मान्य केले. "पाकिटं कोण भरणार?" असे त्यांनी विचारले. ती मी भरतो. फुटलेल्या रंगांच्या पेटीबद्दल शेवटच्या बाकावरच्याने शाळा सुटल्यावर थांबून माझ्या हाताखाली कंदिलांचे कागद कापून दिले, आणि नवी पेटी मीच पहिल्या बाकावरच्याच्या घरी पोचवली. त्याने ती या मुलाच्या हातून घ्यावी, असा आग्रह धरला नाही. त्याच्या वडिलांना मी गाळ्याबाहेर चहाच्या टपरीवर गाठले आणि सांगितले, "तुम्ही घरी मारता, तो शाळेत मारतो. दुसरंही एक गरिबाचंच पोर आहे." ते चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "मला माझ्या बापानं मारूनच मोठा केला." मग थोडे थांबून, "मोठा म्हणजे काय, एवढाच." मारणे थांबले आहे का, मला सांगता येत नाही. दंडावर नवा वळ दिसला नाही, पण पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्याइतकी थंडी आमच्याकडे नसते आणि परवा तो तसा सदरा घालून आला होता.

दोन्ही मुलांची मैत्री झाली, असा शेवट मी माझ्या कादंबरीत केला असता. तशी ती झालेली नाही. पहिल्या बाकावरचा अजून भिंतीच्या कडेने चालतो. तसे चालण्याचा त्याला अधिकार आहे.

आता दिवाळी आली आहे. आपल्या इमारतीचा वॉचमन, भांडी घासणारी बाई, कचरा नेणारा माणूस, सगळे पोस्त मागायला दारात येतील. आपण देतोच, आपण काही वाईट माणसे नाही. पण देताना पुष्कळदा आपला हात थोडा वर असतो आणि आवाज थोडा मोठा. गेल्या पाडव्याला मीही आमच्या वॉचमनला पाकीट देताना गमतीने म्हटले होते, "वर्षभर झोपा काढल्यास, घे!" तो हसला. त्याच्या मागे, जिन्याच्या कठड्याला धरून त्याचा लहान मुलगा उभा होता.

तो हसला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.